नाशिककर सारखी माणसं का बदलतात?

1989 ते 2009 या वीस वर्षांत नाशिक लोकसभा मतदारसंघात 7 निवडणुका झाल्या आणि सातही वेळा वेगळा माणूस दिल्लीला गेला. डॉ. दौलतराव आहेर, डॉ. वसंत पवार, राजाराम गोडसे, माधवराव पाटील, उत्तमराव ढिकले, देविदास पिंगळे, समीर भुजबळ. भाजप, काँग्रेस, शिवसेना, पुन्हा काँग्रेस, पुन्हा शिवसेना, मग दोनदा राष्ट्रवादी. हेमंत गोडसे 2014 आणि 2019 असे लागोपाठ दोनदा निवडून आले, तर त्याचीच बातमी झाली. 2024 मध्ये तेही दीड लाखाहून जास्त मतांनी पडले.

शहरातही तेच. 2009 च्या विधानसभेला मनसेचे राज्यभरात 13 आमदार आले, त्यातले 3 एकट्या नाशिक शहरातले. 2012 मध्ये महापालिकेच्या 122 पैकी 40 जागा मनसेला मिळाल्या आणि पक्षाचा महापौर बसला. 2014 मध्ये या तिन्ही जागा मनसेच्या हातून गेल्या. 2017 मध्ये चाळिसाचे 5 झाले आणि भाजपला 66 जागांचं स्पष्ट बहुमत मिळालं.

यावरून नाशिकचा मतदार चंचल आहे, लाटेवर वाहतो, असं बाहेरचे लोक म्हणतात. मला हा निष्कर्ष आळशी वाटतो. चंचल माणूस कारण नसताना बदलतो. इथला मतदार दर वेळी तक्रारींची तीच यादी घेऊन नव्या माणसाकडे गेलेला दिसतो: पाणी, रस्ते, घरपट्टी, कांद्याचा भाव, मुलाला नोकरी. यादी तशीच राहते आणि माणूस बदलतो. ‘सगळे एकाच माळेचे मणी’ हे वाक्य अशा अनुभवातून तयार होतं. त्याला अडाणीपणा म्हणून उडवून लावणाऱ्यांनी एकदा ही यादी हातात घेऊन बघावी.

हे फक्त नाशिकचं नाही. अमेरिकेत 1958 साली पहिल्यांदा लोकांना विचारलं, केंद्र सरकार बहुतेक वेळा योग्य तेच करेल असं वाटतं का? जवळपास तीन चतुर्थांश लोक हो म्हणाले. अलीकडे तोच प्रश्न विचारला की पाचातला जेमतेम एक जण हो म्हणतो. आपल्याकडे लोकनीती-सीएसडीएस या संशोधन संस्थेच्या पाहण्यांत लष्करावरचा विश्वास सगळ्यात वर असतो आणि राजकीय पक्ष तळाशी. या अविश्वासावर जे राजकारण उगवतं त्याला पॉप्युलिझम म्हणतात. मराठी वर्तमानपत्रं लोकरंजनवाद लिहितात.

आधी एक गैरसमज बाजूला

पॉप्युलिझम म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर फुकट वाटप येतं. लाडकी बहीण योजनेचे महिना 1500 रुपये, मग 2024 च्या विधानसभा प्रचारात एका आघाडीचं 2100 चं आश्वासन आणि दुसरीचं 3000 चं. याला लोकानुनय म्हणा, मतांचा व्यवहार म्हणा, गरजूला दिलेला आधार म्हणा. पण यात कुणी शत्रू नाही. ‘मत द्या, हे घ्या’ इतका सरळ मामला आहे, आणि तो देशातले जवळजवळ सगळे पक्ष करतात.

अभ्यासक ज्याला पॉप्युलिझम म्हणतात त्यात शत्रू लागतोच. नेदरलँड्सचे राज्यशास्त्रज्ञ कास मुडे यांनी 2004 मध्ये मांडलेली व्याख्या सगळ्यात जास्त वापरली जाते. समाजात दोनच गट आहेत, एकीकडे निर्मळ जनता आणि दुसरीकडे भ्रष्ट मूठभर. आणि राजकारण म्हणजे जनतेच्या इच्छेची अंमलबजावणी, बस्स. मुडे याला ‘पातळ’ विचारसरणी म्हणतात. तिच्याकडे स्वतःचं अर्थकारण नाही, शेतीचं धोरण नाही, त्यामुळे ती डाव्या, उजव्या, धर्माच्या, प्रांताच्या कुठल्याही विचाराला जाऊन चिकटते. म्हणून ‘अमुक पक्ष पॉप्युलिस्ट, तमुक नाही’ हा वाद फारसा कामाचा नाही. बहुतेक पक्ष कधी ना कधी ही भाषा बोलतात.

जर्मन अभ्यासक यान-वेर्नर म्युलर यांनी त्यात एक कसोटी घातली आणि मला ती जास्त उपयोगी वाटते. ‘आम्ही जनतेच्या बाजूचे’ असं तर प्रत्येक उमेदवार म्हणतो. ‘जनता म्हणजे फक्त आम्हीच’ असं जो म्हणतो तो पॉप्युलिस्ट. कारण मग त्याच्या विरोधात मत देणारा माणूस जनतेत धरलाच जात नाही. तो विकला गेलेला असतो, फसवला गेलेला असतो, नाहीतर देशाचा, प्रांताचा, शेतकऱ्याचा वैरी असतो.

सत्ता मिळते, चाव्या मिळत नाहीत

आता नाशिककडे. 2012 ला मनसेला लोकांनी मत दिलं ते ‘या जुन्यांना बघितलं, आता हे बघू’ म्हणून. पक्षाने काहीच केलं नाही असंही नाही. नेहरू वनोद्यान, ट्रॅफिक पार्क, शस्त्रसंग्रहालय, होळकर पुलाजवळचा पाण्याचा पडदा, ही कामं झाली आणि त्यांतली बरीच कंपन्यांच्या सामाजिक निधीतून झाली. कामं करूनही हरलो, ही खंत राज ठाकरे यांनी पुढे अनेकदा जाहीरपणे बोलून दाखवली.

पण कंपन्यांच्या निधीतून कामं का करावी लागली, हा प्रश्न प्रचारात कुणी नीट सांगत नाही, कारण त्याचं उत्तर कंटाळवाणं आहे. महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे असतात. आयुक्त नेमतं राज्य सरकार आणि बदलतंही तेच. महापौर अडीच वर्षांचा. त्याचा मान मोठा, सही लहान. पैशाच्या किल्ल्या 16 जणांच्या स्थायी समितीत, आणि 40 जागा म्हणजे बहुमत नव्हे, तेव्हा तिथे तडजोड आलीच. त्यात मे 2013 मध्ये जकात गेली आणि एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. ऑगस्ट 2015 मध्ये राज्याने बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटीही काढला. 2017 मध्ये जीएसटी आला. म्हणजे पालिकेचं स्वतःचं सगळ्यात मोठं उत्पन्न पाच वर्षांत तिच्या हातून गेलं आणि ती राज्याकडून येणाऱ्या अनुदानाच्या हप्त्यावर आली. महापौराला हे थांबवता येत नव्हतं. मतदाराला मात्र दिसला तो महापौरच.

74 व्या घटनादुरुस्तीने 1992 मध्ये शहरांना 18 विषय देऊ केले, पण ते द्यायचे की नाही हे राज्यांवर सोडलं. राज्यांनी आपल्या हातातलं सोडलं नाही. पक्ष कुठलाही असो.

2017 च्या प्रचारात तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ‘नाशिक दत्तक घेतो’ असं जाहीर केलं. विरोधकांनी पुढे पाच वर्षं त्यावरून टोमणे मारले, खड्डा दिसला की ‘दत्तक बापाला सांगा’. मला ते विधान फार प्रामाणिक वाटतं. आपलं काम पालिकेत होत नाही, मंत्रालयात होतं, हे त्यात कबूल केलेलं होतं. आणि लोकांनी तेच ओळखून मत दिलं: ज्याच्या हातात चाव्या आहेत त्यालाच निवडू.

आयुक्तांसाठी रस्त्यावर

मग 2018 उजाडलं. फेब्रुवारीत तुकाराम मुंढे आयुक्त म्हणून आले. अविश्वास कशावर पोसला जातो आणि कुठे वळतो हे समजून घ्यायला त्यांच्या नऊ महिन्यांइतकं चांगलं उदाहरण महाराष्ट्रात क्वचित सापडेल.

त्यांनी नगरसेवकांच्या अनेक कामांना निधी आणि गरजेचे निकष लावून कात्री लावली, ‘वॉक विथ कमिशनर’ सुरू करून लोकांच्या तक्रारी थेट ऐकल्या, आणि मालमत्ता करात मोठी वाढ केली. मोकळ्या जागांवरच्या करावरून तर शहर पेटलं. सत्ताधारी भाजपच्याच नगरसेवकांनी ऑगस्टमध्ये अविश्वास ठराव आणला. मुख्यमंत्र्यांनी हस्तक्षेप केला, कर काही प्रमाणात खाली आला, ठराव मागे गेला. नोव्हेंबरमध्ये मुंढे यांची बदली झाली.

यात विचार करण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. ज्या अधिकाऱ्याने घरपट्टी वाढवली त्याच्याच समर्थनार्थ नाशिककर रस्त्यावर उतरले. सगळे नव्हेत, करवाढीविरुद्धही मोठी आंदोलनं झाली. पण एक मोठा वर्ग, आणि तो पैसे मोजणाराच वर्ग, आपण निवडून दिलेल्या नगरसेवकांविरुद्ध आपण न निवडलेल्या अधिकाऱ्याच्या बाजूने उभा राहिला. त्या समर्थकांना कुणी पॉप्युलिस्ट म्हटलं नाही. सुशिक्षित लोक होते, भ्रष्टाचाराविरुद्ध बोलत होते. पण मांडणी अगदी मुडेंच्या व्याख्येतली: इकडे निर्मळ जनता आणि तिचा एक निःस्पृह माणूस, तिकडे भ्रष्ट टोळी. चर्चा, समिती, ठराव, मतदान हे सगळं त्या टोळीचं नाटक.

मुंढे बरोबर होते की नगरसेवक, यात मी शिरत नाही. कर वाढवायला हवा होता असं मला आजही वाटतं. पण ‘एकच खमक्या माणूस आणा, बाकी सगळे हाकला’ ही ओढ फक्त गरीब किंवा कमी शिकलेल्यांची असते, हा समज गंगापूर रोडसारख्या सधन भागाच्या मॉर्निंग वॉकमध्ये टिकत नाही. आणि त्या ओढीची अडचणही इथेच दिसली. खमक्या माणसाने केलेलं एका बदलीच्या आदेशात थांबलं. त्याला आणणारं आणि नेणारं सरकार एकच होतं, त्यामुळे बदलीचा जाब विचारायला मतदाराकडे कुणीच नव्हतं. नगरसेवकाला निदान पाच वर्षांनी पाडता येतं.

कांदा

शहर सोडून निफाड, चांदवड, येवल्याकडे गेलं की हाच प्रश्न अधिक धारदार होतो. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावलं. डिसेंबरमध्ये निर्यातबंदीच आली. ती उठली 4 मे 2024 ला, तीही 40 टक्के शुल्क आणि टनाला 550 डॉलरच्या किमान दरासह. नाशिक आणि दिंडोरीचं मतदान 20 मे ला होतं.

लासलगाव, पिंपळगावला लिलावात भाव पडला की शेतकऱ्याने भांडायचं कुणाशी? व्यापारी म्हणतो बंदी आहे, मी काय करू. बाजार समिती म्हणते आम्ही फक्त लिलाव घेतो. निर्यातीचा निर्णय वाणिज्य मंत्रालयाकडून निघतो, शुल्क अर्थ मंत्रालयाचं, नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांची सरकारसाठीची खरेदी ग्राहक मंत्रालयाच्या अखत्यारीत. आणि दिंडोरीच्या खासदार डॉ. भारती पवार होत्या आरोग्य राज्यमंत्री. दिल्लीला 1998 ची आठवण आहे, कांदा महागला आणि दिल्ली राज्यातलं सरकार गेलं. त्यामुळे शहरातल्या खाणाऱ्याला जपायचं की नाशिकच्या पिकवणाऱ्याला, या प्रश्नाचं उत्तर दर वेळी आधीच ठरलेलं असतं. शेतकऱ्याला हे सगळं माहीत असतं. त्याच्या हातात एकच बटण होतं, ते त्याने दाबलं. पवार लाखाहून जास्त मतांनी पडल्या.

त्याच निवडणुकीतली एक गंमत. विजयी उमेदवार भास्कर भगरे, चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. आणखी एक अपक्ष भगरे, चिन्ह तुतारी. त्या अपक्षालाही लाखावर मतं पडली. गोंधळ झाला हे खरंच, पण लोक माणसाला मत देत होते की रागाला, हेही त्यातून कळतं.

इथे इतिहासातली एक गोष्ट आठवते. 1980 मध्ये शरद जोशींनी याच जिल्ह्यात ऊस आणि कांद्याच्या भावासाठी रस्ते अडवले. ‘भारत विरुद्ध इंडिया’ ही त्यांची मांडणी ऐकली तर ती जनता विरुद्ध मूठभर अशीच आहे. पण तिच्याबरोबर एक आकडा होता: उसाला टनाला 300 रुपये. मागणी ठरलेली, मागायचं कुणाकडे तेही ठरलेलं. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेला किसान सभेचा मोर्चाही तसाच. हातात वनहक्क कायद्याखालच्या प्रलंबित दाव्यांची मागणी होती आणि सरकारकडून लेखी आश्वासन घेऊनच तो परतला.

गंमत अशी की ज्या पक्षावरून पॉप्युलिझम हे नाव रुळलं तो अमेरिकेतला पीपल्स पार्टीही शेतकऱ्यांचाच होता. रेल्वे कंपन्या वाहतुकीचे मनमानी दर लावतात आणि बँका गळा आवळतात, अशी त्यांची तक्रार. 1892 मध्ये त्यांच्या उमेदवाराला दहा लाखांवर मतं पडली. पक्ष काही वर्षांत विरून गेला, पण चढत्या दराचा आयकर आणि सिनेटरांची थेट निवडणूक या त्यांच्या मागण्या 1913 मध्ये राज्यघटनेतच आल्या. तेव्हा ‘पॉप्युलिस्ट’ म्हणजे वेडा जमाव असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

रागाला पत्ता देणारा

मग फसतं कुठे? अर्जेंटिनात जन्मलेले विचारवंत अर्नेस्टो लाक्लाऊ यांनी याची जुळणी फार छान उलगडली. ते स्वतः पॉप्युलिझमचे विरोधक नव्हते, म्हणून त्यांचं ऐकावं. अंबडच्या कंपनीत वर्षानुवर्षं कंत्राटीच राहिलेला तरुण, निफाडचा कांदा उत्पादक, शहरातल्या सिडको वसाहतीत कमी दाबाने पाणी येणारी इमारत. या तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, उलट काही वेळा हितं विरुद्धच असतात; सिडकोतल्या घराला कांदा स्वस्त हवा असतो. त्यांच्यात सारखं एकच आहे, कुणी ऐकत नाही. पॉप्युलिस्ट नेता या न ऐकल्या गेलेल्या मागण्या एका सुतात ओवतो आणि सगळ्यांना मिळून एक शत्रू दाखवतो. परप्रांतीय, घराणी, दिल्ली, दलाल, अधिकारी, अमुक धर्म. शत्रू जितका मोघम तितकी माळ मोठी.

ज्याला वर्षानुवर्षं ‘हे आमच्याकडे येत नाही’ हेच उत्तर मिळालंय त्याला कुणी ठामपणे ‘तुझ्या दुःखाला हा जबाबदार’ असं बोट करून दाखवलं, तर त्याला पहिल्यांदा कुणीतरी उत्तर दिल्यासारखं वाटतं. चुकीचं का असेना, उत्तर. माझ्या मते पॉप्युलिझमचं सगळं आकर्षण यात आहे. भाषणं, टाळ्या, नकला या वरच्या गोष्टी.

सत्तेत आल्यावर मात्र माळ तुटते, कारण तरुण, शेतकरी आणि इमारत यांच्या मागण्या वेगवेगळ्या खात्यांत, वेगवेगळ्या पैशाने सोडवायच्या असतात. इटलीत बेप्पे ग्रिलो या विनोदवीराने उभ्या केलेल्या फाइव्ह स्टार चळवळीने ‘सगळे जुने घरी जा’ म्हणत 2018 मध्ये 32 टक्क्यांहून जास्त मतं घेतली. मग तिने उजव्यांबरोबर सरकार केलं, नंतर मध्यम-डाव्यांबरोबर, आणि शेवटी युरोपीय मध्यवर्ती बँकेचे माजी प्रमुख मारिओ द्रागी यांच्याबरोबर. 2022 मध्ये मतं 15 टक्क्यांवर आली. नाशिकमधल्या चाळिसाच्या पाच होण्याचीच ही मोठी आवृत्ती.

माळ तुटू द्यायची नसेल तर सत्तेत असूनही आपण बाहेरचेच आहोत असं दाखवत राहावं लागतं. आम्ही करतोय पण न्यायालय आडवं येतं, आयोग आडवा येतो, पत्रकार आडवे येतात. हे ऐकू आलं की कान टवकारावेत. अडथळे खरेही असतात, पण मग नेमका कुठला नियम, कुठली फाईल, हे सांगता आलं पाहिजे.

पक्षफुटीबद्दल फार लिहीत नाही. जून 2022 मध्ये शिवसेना आणि जुलै 2023 मध्ये राष्ट्रवादी फुटली, नाव-चिन्हं इकडून तिकडे गेली. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याने हे थांबायला हवं होतं. थांबलं नाही. ज्या मतदाराने एका चिन्हावर शिक्का मारला त्याचं मत दुसऱ्याच बाजूला बसलं, आणि यावर त्याला कुणी विचारलंही नाही. अविश्वासासाठी एवढं पुरे आहे.

चौघांना निवडा, एकालाही धरू नका

मार्च 2022 मध्ये नाशिक महापालिकेची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली जानेवारी 2026 मध्ये. ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभाग तीन नगरसेवकांचा की चारचा यावर बदलत राहिलेले निर्णय, आणि मधल्या काळात प्रशासक. जवळजवळ चार वर्षं शहराला एकही नगरसेवक नव्हता. प्रस्थापित राजकारणी नकोत म्हणणाऱ्यांना खरं तर हे स्वप्नवत वाटायला हवं होतं. तुंबलेल्या गटारीची तक्रार घेऊन विभागीय कार्यालयात गेलेल्या माणसाला ते तसं वाटलेलं दिसलं नाही. नगरसेवक निदान फोन उचलायचा, असं लोक म्हणायला लागले.

आता नगरसेवक आलेत, पण प्रभाग बहुसदस्यीय. 2012 मध्ये एका प्रभागात दोन होते, 2017 मध्ये बहुतेक ठिकाणी चार झाले, तीच पद्धत पुढे राहिली. एका गल्लीचे चार मालक. दिवा बंद असला की ‘तो भाग त्यांच्याकडे’, आणि उद्घाटनाच्या फलकावर चौघांचे फोटो. पक्षांना ही रचना सोयीची, कारण एका मजबूत उमेदवाराबरोबर तिघे ओढून नेता येतात. खेड्यात निदान ग्रामसभा आहे. तिथे सरपंचाला उभं करून विचारता येतं. शहरांसाठीही 2009 मध्ये कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली. आपल्यापैकी किती जण क्षेत्रसभेला बसलेत, प्रत्येकाने आठवून बघावं.

2027 च्या सिंहस्थाची कामं सुरू आहेत आणि त्यासाठी राज्याने वेगळं कुंभमेळा प्राधिकरण केलंय, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली. इतक्या मोठ्या मेळ्याला ते लागतही असेल. पण 2025 च्या अखेरीस तपोवनातली झाडं तोडण्यावरून लोक उभे राहिले तेव्हाच दिसलं, की निर्णय नेमका कुणाचा हे शोधण्यातच निम्मी शक्ती जाते. पालिका, प्राधिकरण, पालकमंत्रिपदाचा वाद, मंत्रालय. पुढच्या दीड-दोन वर्षांत शहरात रस्ते खोदले जातील, घाट बांधले जातील, पैसा येईल, बरंच चांगलंही होईल. नव्या नगरसेवकाकडे लोक जातील आणि तो खरंच सांगेल, हे काम आमच्याकडे नाही. त्या वेळी त्याच्याशेजारी उभं राहून ‘मी सांगतो कुणाकडे आहे’ म्हणणारा कोण असेल, त्याच्या हातात कायद्याचा कागद असेल की नुसतं कुणाचं तरी नाव, यावर पुढची निवडणूक कुठल्या भाषेत होईल ते ठरेल.